आज्ञार्थ

धायरीत, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
आम्ही एक शहर लिहायला घेतलं.
चित्र नाही, आवाज नाही. नुसत्या ओळी,
आणि शेवटी लुकलुकणारी उभी रेघ,
जिथे खेळणाऱ्यानं काहीतरी म्हणायचं.
अठराखालच्यांना दार बंद.

झुबेदा म्हणाली, मोठ्यांचा खेळ म्हणजे काय ते आधी ठरव.
मी म्हटलं, अंथरुणं.
ती म्हणाली, बरं. आणि एकानं 'नको' म्हटलं की?
ते कुठल्या ओळीत आहे?
ते कुठेच नव्हतं.

पहिला घोळ व्याकरणाचा.
आज्ञार्थाला लिंग नसतं: ये, बस, उघड, थांब.
कुणीही टाइप करावं, क्रियापद विचारत नाही तू कोण.
पण खेळ उत्तर द्यायला गेला की
तू आत आलास. तू आत आलीस.
एक 'स', त्याच्या आधीचा स्वर,
तेवढ्यात माणूस अडकतो.
नोंदणीत आम्ही तीन गोल ठेवले होते.
एकशे बारांपैकी एकोणीस जणांनी एकही भरला नाही.
त्यांच्यापुढे खेळ अडखळायचा, मग गप्प.

'वजाबाकी' नावाच्या कुणीतरी रात्री सव्वादोनला
आपल्या खोलीचं वर्णन बदललं:
पाय उंबऱ्याच्या आत आहेत.
बोटांना कोथिंबिरीचा वास.
दिवा ठेवायचा की मालवायचा, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

कर्ता गाळलेला. माणूस मात्र पुरता हजर.
झुबेदाचा चहा निवला.
पुढचे अकरा दिवस आम्ही साडेचारशे ओळी उसवल्या,
पुन्हा शिवल्या:
मान, मनगट, कानाची पाळी, अडलेला श्वास.
लाजच वाटली थोडी,
आधीच्या किती ओळींत नुसते दागिने होते.

दुसरा घोळ पुण्याचा.
इथे अनोळखी माणसाला अहो,
आणि बरेचदा ओळखीच्यालाही, अंतर राखायला.
खेळणाऱ्यांनीच नियम आणला, एक्क्याऐंशी विरुद्ध सहा:
सगळे एकमेकांना तुम्ही.
कुणी 'तू' लिहिलं तर समोर दिसत नाही,
समोरूनही 'तू' येईपर्यंत.
तोवर ते हवेत.
दोन्हीकडून आलं, की त्या दोघांपुरतं
कालव्याच्या कडेला दार उमटतं.
कुणीही, कधीही, पुन्हा 'तुम्ही' लिहावं,
दाराची भिंत होते.
'का?' हा शब्द तिथे खेळाला कळत नाही.
तो आम्ही मुद्दाम शिकवला नाही.

सहा जण चिडले.
एक म्हणाला, एवढं तर आमच्या लग्नातही नव्हतं.
गेला नाही पण. भेळेची गाडी बांधत बसला,
कांदा चिरण्याच्या एकवीस तऱ्हा लिहिल्या.

माझा मूळ नकाशा आता सापडत नाही.
मी नदी ठेवली होती, त्यांनी तिच्यात पाणी घातलं.
मी झुंबरं लावून शयनगृह लिहिलं होतं,
तिथे कुणी फिरकत नाही.
गर्दी असते स्वयंपाकघरात.
दोन परके ओट्याला टेकतात,
एकाकडून येतं: सांडशी द्या.
पाऊण मिनिट काहीच नाही.
मग, सांडशी हातात येते. दांडा गरम आहे.

गुरुवारी वीज गेली. गिरणी बंद, शहर बंद.
बॅटरीवर मी नोंदवही उघडली:
हवेत राहिलेले 'तू', तीनशे चार.
कुणाचे, कुणासाठी, पुढच्याच रकान्यात.
मालकाला दिसतं.
झुबेदा पाठमोरी, खिडकीत, ओढणीनं वारा घेत.

मी टाइप केलं: झाक.
रकाना काळा झाला.

न वळता ती म्हणाली,
यातला तुझा कितवा?

मी काही बोलणार,
तेवढ्यात खाली गिरणी सुरू झाली.